बांध नसलेले शिवार : इंग्लंडमधील लॅक्स्टन गावाची शेती आणि गावसभा

इंग्लंडचे खेडे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एकच चित्र उभे राहते. झुडपांच्या हिरव्या कुंपणांनी आखलेली लहान लहान शेते, त्यांच्या मधोमध एखादे एकटे शेतघर आणि दूरवर दिसणारा चर्चचा मनोरा. हे चित्र खरे आहे, पण ते आपण समजतो तितके जुने नाही. इंग्लंडच्या मध्यभागातील मोठ्या पट्ट्यात ही कुंपणे प्रामुख्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लागली. त्याआधी कित्येक शतके तिथल्या गावांचे शिवार उघडे होते. एकेका शेताचा विस्तार शेकडो एकरांचा असे, त्यात गावातील प्रत्येक शेतकऱ्याचे अरुंद पट्टे विखुरलेले असत आणि कोणत्या वर्षी कोठे काय पेरायचे हे सगळे गाव मिळून ठरवीत असे. ही पद्धत जवळजवळ सगळीकडून नाहीशी झाली. नॉटिंगहॅमशायर काउंटीतील लॅक्स्टन या गावात मात्र ती आजही चालू आहे आणि तिच्यावर देखरेख करणारी गावची न्यायसभाही कायदेशीर अधिकारांसह चालू आहे.

लॅक्स्टन हे नेवार्क या जुन्या बाजारपेठेच्या शहरापासून पंधरा-वीस किलोमीटर अंतरावर, शेरवुडच्या जंगलाच्या पूर्वेला वसलेले आहे. जमीन तांबूस, चिकणमातीची आणि भारी; पावसाळी दिवसांत पाय रुतणारी आणि उन्हाने तापली की दगडासारखी होणारी. वस्ती पाचशेच्या आतबाहेर. गावाच्या भोवती तीन मोठी शेते आहेत : वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड, म्हणजे पश्चिमेचे शेत, दक्षिणेचे शेत आणि एके काळी पवनचक्की जिथे होती ते शेत. आपल्याकडे ‘शेत’ म्हणजे एका खातेदाराचा तुकडा; इथे ‘फील्ड’ या शब्दाचा अर्थ त्याहून फार मोठा आहे, आपल्या ‘शिवारा’च्या एका हिश्श्याइतका. या तिन्ही शेतांचे क्षेत्र मिळून आज सुमारे ४८० एकर भरते. शेतात कोठेही कुंपण नाही, भिंत नाही आणि एका शेतकऱ्याचा पट्टा दुसऱ्याच्या पट्ट्यापासून वेगळा करणारा उंच बांधही नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये असते ती फक्त नांगराची सरी, आणि पट्ट्याच्या टोकाशी ठोकलेली खुंटी.

ही पद्धत समजून घ्यायची तर पहिला प्रश्न असा पडतो की, एका शेतकऱ्याची सगळी जमीन एकाच जागी असण्याऐवजी ती वीस-तीस ठिकाणी विखुरलेली का असावी? वाटण्या होता होता जमिनीचे तुकडे पडणे हे आपल्याला परिचित आहे आणि आपण त्याकडे दुखणे म्हणूनच पाहतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्येही वारसाहक्काने आणि नव्याने जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणताना झालेल्या वाटपाने तुकडे पडत गेले, यात शंका नाही. पण विखुरलेपणाचा एक फायदाही होता. गावाच्या शिवारात उंचवट्याची जमीन आणि सखल जमीन, जवळची आणि लांबची, हलकी आणि भारी अशी सगळी प्रत असते. पट्टे सर्वत्र वाटलेले असले की प्रत्येकाच्या वाट्याला चांगले-वाईट दोन्ही येते. एखाद्या वर्षी पाणी साचून खालच्या अंगाचा गहू कुजला, तरी वरच्या अंगाचा हाती लागतो. पीकविमा नसलेल्या काळात हीच त्या लोकांची विमा-योजना होती, असे अर्थशास्त्राचे काही अभ्यासक म्हणतात. भारी मातीच्या लॅक्स्टनमध्ये तर हा विचार मला फार पटतो, कारण तिथे एका शेतातसुद्धा ओल सगळीकडे सारखी नसते.

दुसरा प्रश्न पट्ट्यांच्या आकाराचा. त्याचे उत्तर आपल्या सातबारा उताऱ्याजवळ येऊन पोहोचते. बैलांची जोडपी जुंपलेला जड नांगर वळविणे हे मोठे कष्टाचे काम असे, म्हणून एकदा नांगर जमिनीत घातला की तो जितका लांब नेता येईल तितका नेत. मग बैलांना विसावा देऊन परत फिरत. नांगराच्या एका तासाच्या, म्हणजे एका सरीच्या, या लांबीवरूनच ‘फर्लांग’ हे माप आले, ज्याची लांबी पुढे २२० यार्ड, म्हणजे ६६० फूट ठरली. एक फर्लांग लांब आणि ६६ फूट रुंद अशी जी पट्टी होते तिचे क्षेत्रफळ बरोबर एक एकर. एका औताने एका दिवसात नांगरून होईल इतकी जमीन, हा एकराचा मूळ अर्थ. आपल्याकडेही अमक्याची जमीन इतक्या औतांची, असे सांगण्याची रीत होतीच. ब्रिटिश राजवटीत मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी रूढ झाली आणि ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद असा गुंठा पक्का झाला. आता हिशेब करून पाहावा. फर्लांगाच्या लांबीत असे वीस गुंठे बसतात, ६६ फुटांच्या रुंदीत दोन, आणि वीस गुणिले दोन म्हणजे चाळीस. चाळीस गुंठ्यांचा एकर महाराष्ट्रातील प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. त्या आकड्यामागे अशा एका पट्टीचा आकार उभा आहे.

बैलांच्या या लांबलचक रांगेने जमिनीवर आणखी एक खूण ठेवली आहे. पट्ट्याचे टोक जवळ आले की बैलांना आधीपासूनच एका बाजूला वळवायला सुरुवात करावी लागे, त्यामुळे शतकानुशतके नांगरलेले पट्टे सरळ न राहता उलट्या इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे हलके वळण घेत. इंग्लंडच्या मध्यभागात आज जिथे गवताची कुरणे आहेत तिथेही, सूर्य खाली उतरला की तिरप्या उन्हात अशी वळणदार वरंबे-सऱ्यांची नक्षी दिसू लागते. ती जमीन शेवटची नांगरली गेली त्या काळची असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि गावसभेची गरज तिच्यातूनच निर्माण होते. लॅक्स्टनमध्ये तीन वर्षांचा फेरपालट आहे. तीन शेतांपैकी एकात शरद ऋतूत गहू पेरतात, दुसऱ्यात वसंतात पेरायची पिके, म्हणजे जव, वाटाणा, घेवड्याच्या जातीची पिके घेतात आणि तिसरे पूर्वी पड ठेवीत; आता तिथे बहुधा गवत किंवा चारा असतो. पुढच्या वर्षी ही पाळी एका शेताने पुढे सरकते. आता कल्पना करावी की, गव्हाच्या शेतात एखाद्याने आपल्या पट्ट्यात मनाला येईल ते लावले आणि त्याची कापणी इतरांच्या दोन महिने नंतर आली. कुंपण नसल्यामुळे पीक निघाल्यावर त्या संपूर्ण शेतात गावाची मेंढरे आणि गुरे चरायला सोडायची असत आणि त्यांच्या शेणखतानेच पुढच्या पिकाची सोय व्हायची असे. एकाचे पीक उभे असेल तर सगळ्यांची चराई अडते. म्हणून पेरणी एका वेळी, कापणी एका वेळी आणि गुरे सोडण्याचा दिवसही एकच. पट्टा ज्याचा त्याचा, धान्य ज्याचे त्याचे, पण कालगणना मात्र सर्वांची मिळून एक. ‘सामुदायिक शेती’ असे या पद्धतीला कोणी म्हटले तर ते बरोबर होणार नाही. पीक कधीही समाईक नव्हते, समाईक होते ते नियम आणि पीक निघाल्यानंतरची चराई.

गावाची रचनासुद्धा याच पद्धतीतून आली आहे. आपल्या जमिनीचे पट्टे चारी दिशांना असताना कोणत्याही एका शेतात घर बांधून राहण्यात अर्थ नसतो. सगळ्यांना सोयीची जागा एकच, ती म्हणजे मधोमध. त्यामुळे लॅक्स्टनची शेतघरे गावाच्या मुख्य रस्त्याला लागून एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. अनेक लाल विटांच्या घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे आहे आणि प्रत्येक घराच्या मागे कोठार, गोठा व परसाची लांब निमुळती जागा गेली आहे. इंग्लंडमध्ये इतरत्र कुंपणे झाल्यावर शेतकरी आपापल्या एकत्रित जमिनीवर घरे बांधून गावाबाहेर गेले. लॅक्स्टनमध्ये शिवाराच्या मुख्य भागात तसे घडले नाही. ट्रॅक्टर गावाच्या रस्त्यावरूनच शेताकडे निघतो. भटक्या गुरांसाठी असलेला जुना कोंडवाडा आजही तिथे आहे आणि गावसभा ‘पिंडर’ नावाचा जो सेवक नेमते, त्याचे मूळ काम म्हणजे अशी गुरे पकडून कोंडवाड्यात घालणे.

लॅक्स्टनची लेखी नोंद १०८६ च्या ‘डूम्सडे’ या राजाज्ञेने झालेल्या जमीन-नोंदीत सापडते. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर इथे मातीचा उंच टेकाड रचून त्यावर किल्ला बांधण्यात आला. बाराव्या शतकात तो दे कॉक्स घराण्याकडे आणि नंतर दे एव्हरिंगहॅम घराण्याकडे होता आणि शेरवुडच्या राजजंगलाची राखणदारी या घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आली होती. किल्ल्याचे आता केवळ गवताने झाकलेले टेकाड आणि खंदक उरले आहेत, पण नॉटिंगहॅमशायरमधील अशा प्रकारच्या अवशेषांत ते सर्वांत ठळक आहेत. सेंट मायकेल यांच्या नावाच्या चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्यातील व्यक्तींच्या समाधीमूर्ती आहेत. त्यांतील एका स्त्रीची मूर्ती दगडाची नसून ओकच्या लाकडात कोरलेली आहे आणि त्या संपूर्ण काउंटीत या काळातील लाकडी समाधीमूर्ती तेवढी एकच.

गावाच्या इतिहासातील सर्वांत मौल्यवान वस्तू मात्र गावात नाही. ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. १६३५ मध्ये मार्क पिअर्स या भूमापकाने लॅक्स्टनचा तपशीलवार नकाशा आणि त्याबरोबर जमिनीची नोंदवही तयार केली. शिवारातील दोन हजारांहून अधिक पट्टे, प्रत्येकाचा धारक, प्रत्येकाचे क्षेत्र यांची त्यात नोंद आहे. नकाशाच्या शेतांमध्ये पिअर्सने छोटी छोटी चित्रेही काढली आहेत. कोणी नांगरतो आहे, कोणी कापणी करतो आहे, कुठे शिकारी कुत्र्यांसह निघाले आहेत. दफ्तराच्या कामात एवढी हौस दाखविणाऱ्या त्या मोजणीदाराबद्दल मला नेहमी आदर वाटत आला आहे. आज गावातील एखाद्या पट्ट्यासमोर उभे राहून तो १६३५ मध्ये कोणाकडे होता हे सांगता येते, अशी जागा युरोपातही दुर्मीळ आहे.

हा नकाशा ज्याने करून घेतला त्या जमीनमालकाचे नाव सर विल्यम कोर्टेन. तो लंडनचा धनाढ्य व्यापारी होता, त्याचे घराणे नेदरलंड्सच्या प्रदेशातून आलेले आणि त्याचे भांडवल कॅरिबियन बेटांपर्यंत गुंतलेले. ज्या वर्षी लॅक्स्टनची मोजणी झाली, त्याच १६३५ मध्ये राजा पहिला चार्ल्स याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीला बाजूला सारून कोर्टेन व त्याच्या साथीदारांना पूर्वेकडील व्यापाराची परवानगी दिली. त्यांची जहाजे जॉन वेडेल याच्या नेतृत्वाखाली १६३६ मध्ये निघून गोव्यास पोहोचली आणि पुढे या मंडळींनी भटकळ व कारवार येथे वखारी घातल्या. स्वतः कोर्टेन मात्र १६३६ मध्येच वारला. लॅक्स्टनच्या पट्ट्यांचा खंड आणि पश्चिम किनाऱ्यावरील मिरीचा व्यापार एकाच माणसाच्या हिशेबात एकत्र आले होते, ही गोष्ट गोवा-कारवारच्या वाचकांना सांगण्याजोगी वाटते, म्हणून ती इथे दिली. पुढे लॅक्स्टनची मालकी पिअरपॉइंट घराण्याकडे गेली. याच घराण्यातील पुढच्या पिढ्या किंग्स्टनचे ड्यूक आणि नंतर अर्ल मॅन्व्हर्स म्हणून ओळखल्या जातात आणि त्यांचे निवासस्थान जवळच्या थोर्सबी येथे होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : बाकीच्या गावांतून ही पद्धत कशी गेली? त्या प्रक्रियेला इंग्रजीत ‘एन्क्लोजर’ म्हणतात. आपण तिला शिवाराची कुंपणबंदी म्हणू. काही गावांत ती आपसांतील संमतीने झाली, पण मोठ्या प्रमाणावर ती पार्लमेंटच्या कायद्यांनी झाली. १६०४ ते १९१४ या काळात कुंपणबंदीचे ५,२०० हून अधिक कायदे संमत झाले आणि त्यांनी सुमारे ६८ लाख एकर जमिनीला, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोड्या अधिक क्षेत्राला हात घातला. गावातील बहुतांश जमिनीचे मालक एकत्र येऊन पार्लमेंटकडे अर्ज करीत. इथे मोजणी डोकी धरून होत नसे, जमिनीच्या प्रमाणात होत असे, त्यामुळे एक-दोन मोठे जमीनदार राजी असले की काम होई. कायदा झाल्यावर आयुक्त नेमले जात, ते सगळे पट्टे आणि गायराने मोजून त्यांचा एकच ढीग करीत आणि मग प्रत्येकाला त्याच्या हक्काच्या प्रमाणात एकसंध तुकडा देत. नवा तुकडा मिळालेल्याने ठराविक मुदतीत त्याला कुंपण घालायचे आणि मोजणी, वकील, रस्ते यांच्या खर्चाचा आपला वाटाही द्यायचा.

मोठ्या जमीनदाराला हे परवडे. एकसंध जमिनीवर तो नवी पिके, नवी अवजारे, निवडक पैदाशीची जनावरे आणू शके आणि खंडही वाढवून घेई. लहान शेतकऱ्याला मात्र कुंपणाचा खर्चच जड जाई आणि पुष्कळदा तो आपला तुकडा विकून मोकळा होई. सर्वांत वाईट स्थिती झाली ती ज्यांच्याकडे शिवारात पट्टा नव्हता, पण गायरानावर एखादी गाय चारण्याची किंवा सरपण गोळा करण्याची वहिवाट होती त्यांची. कागद नसलेल्या वहिवाटीला आयुक्तांच्या हिशेबात किंमत नव्हती. या बदलाने धान्याचे उत्पादन किती वाढले यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. मजुरांच्या घरची गाय गेली, याबद्दल मात्र फारसा वाद नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट तीच आहे.

लॅक्स्टन यातून वाचले ते कोणी त्याच्यावर प्रेम केले म्हणून नव्हे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथेही शिवाराचा काही भाग कुंपणाखाली गेला होता आणि पुढेही जमीनदारांच्या मनात ते काम पुरे करण्याचा विचार होता. पण गावात पिअरपॉइंट घराण्याबरोबर अर्ल ऑफ स्कारबरो यांचीही बरीच जमीन होती आणि दोघांचे पट्टे एकमेकांत मिसळलेले होते. त्या दोन मोठ्या मालकांचे एकमत होणे आवश्यक होते आणि ते जमले नाही. १८७० च्या दशकानंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागले, इंग्लंडमधील गव्हाचे भाव कोसळले आणि शेतजमिनीवर नवा खर्च करण्याचा उत्साहच मावळला. अशा रीतीने, जे काम शेजारच्या गावांत एका कायद्याने उरकले ते लॅक्स्टनमध्ये राहून गेले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेव्हाच्या अर्ल मॅन्व्हर्सने पट्ट्यांची फेरमांडणी केली. शेजारशेजारचे पट्टे जोडून ते मोठे करण्यात आले, त्यांची संख्या दोनशेच्या आत आली आणि खुल्या शेतांचे क्षेत्रही कमी झाले. काहींना यात परंपरेचा भंग दिसतो. मला तसे वाटत नाही. पट्टे रुंद झाले नसते तर पुढे ट्रॅक्टर आणि कापणीयंत्र त्यांत शिरलेच नसते आणि ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर टिकली नसती. फेरमांडणीनंतरच्या काळात अभ्यासकांचे लक्ष गावाकडे वळले. ऑक्सफर्डचे कृषी-अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स ऑर्विन आणि त्यांच्या पत्नी यांनी १९३८ मध्ये लॅक्स्टनच्या शेतीवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले आणि ज्याला मागासलेले गाव समजले जात होते ते देशाच्या इतिहासाचा जिवंत पुरावा ठरले. १९५२ मध्ये अर्ल मॅन्व्हर्सने गावाची मालमत्ता कृषी मंत्रालयाला विकली, ती ही पद्धत राखली जावी या हेतूने. १९८१ मध्ये मंत्रालयाने ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजमुकुटाच्या नावे असलेल्या सार्वजनिक मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेकडे सोपविली. नंतर क्राउन इस्टेटनेही ती विकण्याचे ठरविले तेव्हा गावात साहजिकच चिंता पसरली. अखेर २०२० मध्ये ती थोर्सबी इस्टेटने घेतली. थोर्सबी म्हणजे मॅन्व्हर्स घराण्याचीच जागा, त्यामुळे अडुसष्ट वर्षांनी गाव फिरून जुन्या घराण्याशी जोडले गेले.

मालक बदलत राहिले, पण शिवाराचा रोजचा कारभार ज्या संस्थेच्या हाती आहे ती बदलली नाही. तिचे नाव ‘कोर्ट लीट’. मध्ययुगात अनेक जहागिरींत अशी न्यायसभा असे. किरकोळ गुन्हे, शेजाऱ्यांची भांडणे, रस्ते-ओढ्यांची निगा असे विषय तिच्यापुढे येत. पुढे सरकारी न्यायालये आली आणि या सभा एकतर बंद पडल्या किंवा नुसत्या समारंभापुरत्या उरल्या. १९७७ मध्ये पार्लमेंटने न्यायव्यवस्थेसंबंधी जो कायदा केला त्याने अशा सभांचे उरलेसुरले न्यायाधिकारही संपुष्टात आणले, पण लॅक्स्टनच्या सभेला त्यातून वगळले. म्हणून तिथे ठोठावलेला दंड हा आजही खरा दंड आहे.

सभेचे काम दोन टप्प्यांत चालते. नोव्हेंबरच्या अखेरीस ज्युरीचा दिवस असतो. ज्या शेतात त्या वर्षी गहू पेरला गेला आहे त्याची पाहणी करण्यासाठी साधारण बारा जणांची ज्युरी आणि तिचा प्रमुख शेतात जातात. हे ज्युरर शेतकरीच असतात, म्हणजे पाहणारे आणि पाहिले जाणारे एकाच गावचे, पुष्कळदा एकाच घरातलेही. थंडी, चिखल, बहुतेकदा बोचरा वारा. आणि त्यात ही मंडळी पट्ट्यामागून पट्टा तपासत जातात. पट्ट्यांच्या हद्दी बरोबर आहेत का, कोणाचा नांगर शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा शेतरस्त्यात शिरला आहे का, चर साफ केले आहेत का, गवताच्या समाईक कडा कोणी नांगरल्या आहेत का, हे पाहायचे आणि जिथे हद्दीची खूण हरवली असेल तिथे नवी लाकडी खुंटी ठोकायची. बांध कोरणे हा प्रकार आपल्याकडील गावांना नवा नाही. एकेक तास दरवर्षी सरकत जातो आणि दहा वर्षांनी भांडण कोर्टात जाते. लॅक्स्टनमध्ये ते पहिल्याच वर्षी, पहिल्याच तासाला पकडले जाते, कारण तपासणारे डोळे त्याच मातीत वाढलेले असतात.

दुसरा टप्पा सुमारे आठवड्याने, डव्हकोट इन या गावातील पबमध्ये. इथे न्यायसभा भरते. जहागिरीच्या मालकातर्फे नेमलेला व्यवस्थापक अध्यक्षस्थानी असतो आणि तो सहसा वकील असतो. हजर राहणे ज्यांचे कर्तव्य आहे त्यांची नावे पुकारली जातात आणि न येणाऱ्याला नाममात्र रक्कम भरावी लागते. मग ज्युरीने नोंदविलेल्या चुका वाचून दाखविल्या जातात आणि दंड ठरतात. दंडाची रक्कम मोठी नसते. पण ज्या खोलीत आपण वर्षभर शेजाऱ्यांबरोबर बसतो त्याच खोलीत, त्याच शेजाऱ्यांसमोर, अमक्याने रस्ता इतका नांगरला असे मोठ्याने वाचले जाणे ही शिक्षा रकमेपेक्षा जास्त लागते, हे गावात राहिलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही.

शेतांच्या मधून आणि कडेने ओलसर उताराच्या काही पट्ट्या कधीच नांगरल्या गेल्या नाहीत. त्यांना तिथे ‘साइक’ म्हणतात. नांगर तिथे रुतायचा, म्हणून त्या गवतासाठी सोडल्या गेल्या. शतकानुशतके न नांगरल्यामुळे आणि रासायनिक खते फारशी न पडल्यामुळे त्यांत जुन्या गवताळ प्रदेशातील रानफुले टिकून राहिली आहेत आणि म्हणून त्यांना विशेष वैज्ञानिक महत्त्वाचे स्थळ म्हणून संरक्षण मिळाले आहे. या गवताच्या कापणीचा हक्क उन्हाळ्यात लिलावाने दिला जातो आणि त्याचे पैसे हक्कदारांत वाटले जातात. निसर्गसंरक्षण असा शब्द ज्या काळी कोणाला ठाऊक नव्हता, त्या काळच्या चराईच्या नियमांनी ही फुले वाचविली, याचे मला अप्रूप वाटते.

आजच्या लॅक्स्टनमध्ये शेती हा सर्वांचा व्यवसाय राहिलेला नाही. पुष्कळ रहिवासी बाहेर नोकरीला जातात आणि काही जुन्या शेतघरांत आता शेतीशी संबंध नसलेली कुटुंबे राहतात. जी शेतकरी कुटुंबे आहेत ती मुख्यतः इस्टेटची कुळे आहेत आणि खुल्या शेतांचे नियम पाळणे हा त्यांच्या बांधिलकीचा भाग आहे. त्यांच्यापैकी कोणाचेही घर केवळ खुल्या शेतांतील पट्ट्यांवर चालत नाही. प्रत्येकाकडे बाहेरची कुंपणाची जमीनही असते आणि तरीसुद्धा आजच्या इंग्लंडच्या मानाने ही शेते लहानच आहेत. मोठ्या यंत्रांच्या आणि पडत्या भावांच्या काळात तरुण कुळ मिळणे, ते टिकणे, हीच या पद्धतीपुढची खरी अडचण आहे. जुनी पद्धत राखायची असेल तर ती चालविणारी माणसे तिच्यावर पोट भरू शकली पाहिजेत. ही जबाबदारी मालकाने आणि सरकारने उचलायला हवी, ती केवळ शेतकऱ्यांच्या निष्ठेवर सोडणे योग्य नाही, असे मला मनापासून वाटते.

गावाला बाहेरचे लोक भेट देतात ते आणखी एका कारणासाठी. लॅक्स्टनच्या हद्दीत, गावापासून थोडे दूर, स्टीफन आणि जेम्स स्मिथ या भावांनी आपल्या कुटुंबासह १९९५ मध्ये नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या स्मृतीसाठी एक केंद्र उघडले. आज ते राष्ट्रीय होलोकॉस्ट केंद्र आणि संग्रहालय म्हणून ओळखले जाते. संहारातून वाचलेल्यांच्या साक्षी ऐकण्यासाठी शाळांतील मुले तिथे येतात आणि तिथल्या बागेत बळी गेलेल्या आप्तांच्या स्मरणार्थ लावलेली पांढऱ्या गुलाबांची झाडे आहेत. ज्या शिवाराची नोंद पट्ट्यागणिक जपली गेली, त्याच्याच शेजारी नावांची नोंद जपणारी ही जागा असावी, हा योगायोग आहे; पण तिथे जाणारा माणूस दोन्ही पाहूनच परततो.

शेतांचा इतिहास सांगणारे छोटे प्रदर्शन पबच्या बाजूलाच आहे आणि तिथून तिन्ही शेतांकडे पायवाटा जातात. हिवाळ्यात गेल्यास एका शेतात कोवळा गहू, दुसऱ्यात वसंताच्या पेरणीची वाट पाहणारी नांगरट आणि तिसऱ्यात गवत किंवा चारा दिसेल. डिसेंबरच्या सभेत जुन्या दंडांचा हिशेब संपला की पुढच्या वर्षीची ज्युरी तिथेच शपथ घेते, आणि तिने तपासायचे शेत असते ते पाळीत पुढचे, जिथे येत्या शरदात गव्हाची पेरणी व्हायची असते.